सीएफ असलेल्या मुलीचा करोना आणि घरगुती स्पायरोमीटर

सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांवर परिणाम करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातल्या ‘सीएफ’च्या रुग्णाला घरच्या घरी फुप्फुसांची क्षमता मोजता यावी, यासाठी मुठीत मावेल एवढा, फोनला ब्लूटूथने जोडला जाणारा स्पायरोमीटर मिळतो. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मार्च २०२० मध्ये येथील सरकारने सीएफच्या रुग्णांना अतिजोखमीच्या यादीत घालून घरातच राहण्यास सांगितले, आणि जोरात फुंकल्याने खोकला येऊन तुषार पसरतात म्हणून रुग्णालयांतील स्पायरोमेट्रीही बहुतांशी थांबली. त्याच वर्षी एनएचएस इंग्लंडने, म्हणजे येथील सरकारी आरोग्यसेवेने, हजारो सीएफ रुग्णांना घरगुती स्पायरोमीटर पुरवले. माझ्या किशोरवयीन मुलीला मिळालेले यंत्र त्यांपैकीच एक असून, पुढे तिला करोना झाला तेव्हा आम्हाला त्याचा खरा उपयोग कळला.

सीएफमध्ये श्वासनलिकांतला कफ घट्ट आणि चिकट असतो, त्यात जंतू ठाण मांडतात आणि साध्या सर्दीनंतरही घसरलेली क्षमता कधीकधी पूर्ववत होत नाही. म्हणूनच पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते हा आकडा, म्हणजे एफईव्ही-१, सीएफच्या प्रत्येक कुटुंबाला तोंडपाठ असतो. नेहमीच्या पातळीपेक्षा तो दहा टक्क्यांनी उतरला, तर सीएफ टीमला, म्हणजे रुग्णालयातील सीएफच्या तज्ज्ञांच्या चमूला, फोन करायचा, असे आम्हाला सांगितलेले आहे.

साथीच्या सुरुवातीला आम्हाला वाटलेली भीती अगदी रास्त होती. जून २०२० च्या मध्यापर्यंत १९ देशांतून नोंदल्या गेलेल्या, करोना झालेल्या १८१ सीएफ रुग्णांपैकी ७ जण दगावले, आणि त्या सातांतील ३ जणांचे अवयव प्रत्यारोपण झालेले होते. बाकीचे बहुसंख्य रुग्ण बरे झाले. आधीच कमी असलेले एफईव्ही-१, सीएफमुळे झालेला मधुमेह आणि प्रत्यारोपण या गोष्टी असलेल्यांना आजार अधिक जड गेला. हे वाचून धीर आला, तरी आपल्या मुलीच्या छातीत आज काय चालले आहे, हे त्या आकड्यांवरून कळत नाही, आणि ती उणीव या यंत्राने भरून काढली.

यंत्र वापरण्याची रीत सोपी असली तरी शिस्त लागते. ताठ बसून, नाकाला चिमटा लावून, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एका झटक्यात फुंकून फुप्फुसे रिकामी होईपर्यंत थांबायचे नाही. तीन चांगल्या फुंका हव्यात, आणि त्यांतील सर्वोत्तम दोन एकमेकींच्या १५० मिलिलिटरच्या आत यायला हव्यात. आमच्या यंत्रात हवेच्या झोताने फिरणारे बारीक पाते आहे. खिडकी उघडी असली की वाऱ्यानेही ते फिरते आणि आकडा बिघडतो. त्यामुळे मापनाच्या वेळी खिडकी आणि पंखा बंद, हा आमच्या घरचा नियम झाला. मापन नेहमी नेब्युलायझर (वाफाऱ्यातून औषध) आणि छातीची फिजिओ (कफ मोकळा करण्याचे व्यायाम) झाल्यावरच करावे, नाहीतर सकाळच्या कफाने भरलेल्या छातीची तुलना मोकळ्या छातीशी होते.

२०२० च्या शरद ऋतूत मुलीला काफ्ट्रिओ हे सीएफवरचे औषध सुरू झाले आणि तिची एफईव्ही-१ची पातळी वाढून २.३० लिटरवर स्थिरावली. २०२२ च्या सुरुवातीला करोना झाल्यावर ती २.०० लिटरवर आली. जुन्या, औषधापूर्वीच्या पातळीशी ताडून पाहिले असते तर ही घसरण आमच्या लक्षातच आली नसती. ॲपमध्ये ‘नेहमीची पातळी’ आपणहून बदलत नव्हती, ती टीमला सांगून बदलून घ्यावी लागली; माझ्या मते हा या यंत्रणेतील सर्वांत मोठा दोष आहे. मात्र आलेखाचा आकार थेट टीमला दिसत असल्यामुळे फुंक अर्धवट सुटली आहे की श्वासनलिका खरोखर अरुंद झाली आहे, हे त्यांना फोनवरच सांगता आले. अँटिबायोटिक वेळेत सुरू झाले आणि पातळी हळूहळू परत आली. खोकल्याची उबळ जोरात असलेल्या दिवसांत आम्ही मापन टाळले, आणि टीमचा सल्लाही तोच होता.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही आम्ही वापरला, पण आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर तो ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो. त्यामुळे एकट्या आकड्यावर विसंबू नये, तो उतरत चालला आहे का हे पाहावे. आणखी एक गोष्ट यंत्राच्या कक्षेबाहेरची, पण जिवाशी गाठ असलेली: करोनावरच्या पॅक्सलोव्हिडमधील रिटोनाविरमुळे काफ्ट्रिओचे शरीरातील प्रमाण फार वाढते, म्हणून सीएफ टीमने मात्रा ठरवून दिल्याशिवाय ही दोन औषधे एकत्र घेऊ नयेत.

थुंकीची तपासणी किंवा फिजिओथेरपिस्टचा हात यांची जागा हे यंत्र घेत नाही. तरीही ज्या रुग्णांनी जंतुसंसर्गाच्या भीतीने एरवीही एकमेकांपासून दूर राहायचे असते, त्यांची रुग्णालयातील फेरी ते वाचवते, आणि एवढ्यासाठीही मी त्याची मनापासून शिफारस करेन. पुण्या-मुंबईत किंवा अन्यत्र कोणी स्वतः विकत घेणार असेल, तर सुटी पाती आणि नळ्या सहज मिळतात का, अहवालात आकड्यासोबत पूर्ण आलेख येतो का आणि आपले डॉक्टर तो पाहायला तयार आहेत का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.