दाढ गेली: इम्प्लांट करावं की नव्या दाढेची वाट पाहावी?

पंचवटीतल्या माझ्या मावशीची खालची दाढ तीन महिन्यांपूर्वी काढली. डॉक्टर इम्प्लांट सुचवतायत, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात. ती म्हणते, "स्टेम सेलने दात उगवणार आहेत ना, मग थांबते की."

मावशी, थांबण्यात नुसता वेळ जात नाही, हाडही जातं. दात नसलेल्या जागी जबड्याचं हाड झिजतं, सगळ्यात जास्त पहिल्या वर्षात. शेजारची दाढही रिकाम्या जागेकडे कलते. तुझी कलायला लागलीच आहे. पेरू खाल्लास की बी तिथंच अडकते.

इम्प्लांट माणसांत १९६५ पासून बसवतात. टायटॅनियमचा स्क्रू हाडात पक्का व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. खर्च मोठा, शुगर ताब्यात हवी, हिरडी रोज स्वच्छ हवी. पण सांभाळला तर वर्षानुवर्षं टिकतो.

स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी. त्यांचं संशोधन खरंच मोलाचं आहे. २००० साली अक्कलदाढेच्या गरात (दाताच्या आतल्या मऊ भागात) आणि २००३ मध्ये दुधाच्या दातांत या पेशी सापडल्याचं प्रसिद्ध झालं. चीनमध्ये मुलांच्या मार लागलेल्या दातांत या पेशी घातल्यावर गर पुन्हा तयार झाला, तो अभ्यास २०१८चा. पण तो गर. अख्खी दाढ उगवून देणारा मान्यताप्राप्त उपचार अजून नाही, मग खर्च आणि टिकाऊपणा कशाशी ताडून बघायचा?

दात गेलाय आणि चावायचंय, त्यांनी इम्प्लांटच करावं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दाताला मार लागून आतला गर मेला आणि मूळ अजून अपुरं असेल, तर मात्र डॉक्टरांना जरूर विचारा: मुळाच्या टोकाकडून थोडं रक्त आत आणून तिथल्या पेशींना वाट करून देण्याचा उपचार आजही होतो.