'साफ करून देतो' म्हणत कलदार बदलून नेले

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, असईपासून लांब नाही. 23 सप्टेंबर 1803 ला असईत इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसल्यांची फौज भिडली, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे कुणी मशीन घेऊन आला आणि 'या शिवारात इंग्रजांचा माल आहे' म्हणाला, तर लोकांना ते खोटं वाटत नाही. याच विश्वासावर धंदा करणारा एक जण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरून आजीचे सहा चांदीचे रुपये घेऊन गेला. वर पाचशे रुपये धुलाईही घेतली. आजूबाजूच्या गावांतूनही तसंच कानावर येतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

तो मोटारसायकलवर आला. मेटल डिटेक्टर, छोटी कुदळ, गळ्यात कसलंसं ओळखपत्र. बोलणं गोड. 'काका, मी संशोधन करतो, एक पैसा घेत नाही,' असं माझ्या चुलत्यांना म्हणाला. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. बांधाकडेच्या पट्टीत मशीन फिरवलं, ते वाजलं, वीतभर उकरलं आणि शिशाच्या दोन गोळ्या निघाल्या. थोडं पुढं एक पितळी बटण. तात्या खूश. 'मशीन वाजतंय म्हंजे काहीतरी हायच की!'

त्या गोळ्या आणि ते बटण अजून घरात आहेत. दोनशे वर्षं मातीत पडलेल्या शिशावर पांढुरका-करडा थर धरतो आणि तो चिकट असतो, सहजी निघत नाही. (तो खरवडूही नये, ती धूळ विषारी असते.) आमच्या गोळ्यांना नखानं ओरखडा काढला की आत लखलखीत, आणि मधोमध आरपार भोक. मासे धरायच्या जाळ्याला लावतात ते शिसं! बटणावर सिंह आणि एकशिंगी घोडा असलेलं इंग्लंडचं राजचिन्ह आहे. असईला लढलेल्या 74 आणि 78 नंबरच्या पायदळ पलटणी आपापल्या नंबरची बटणं लावायच्या. राजचिन्हाचं सरसकट बटण पायदळातल्या साध्या शिपायांना मिळालं 1871 पासून. म्हणजे लढाईनंतर 68 वर्षांनी. शिवाय उन्हाळ्यात आमची काळी माती दगडासारखी होते, ढेकूळ फुटत नाही. त्यानं उकरलं तिथं मात्र कुदळ लोण्यात गेल्यासारखी गेली. आदल्या संध्याकाळी हाच माणूस एकटा बांधावरून फिरताना शेजाऱ्यांनी पाहिला होता, हे नंतर कळलं.

पण बटण-गोळ्या विकायला तो आलाच नव्हता. ती नुसती ओळख वाढवायची सोय. खरा प्रश्न चहा पिताना आला: 'घरात जुनं काही आहे का? ओळखून देतो.'

आजीच्या डब्यात सात कलदार, म्हणजे इंग्रजी अमलातले चांदीचे रुपये, होते. निजामाच्या राज्यात बाजारात निजामाचं स्वतःचं नाणं, हाली सिक्का, चालायचा, पण साठवायला लोक इंग्रजी रुपया धरायचे, कारण त्याचा भाव जास्त. सातांपैकी सहा व्हिक्टोरियाचे, 1862 सालचे, एक एडवर्डचा. आजीनं कधीकाळी माळेसाठी त्यांना कड्या लावल्या होत्या. कड्या निघाल्या, पण प्रत्येकाच्या काठावर डागाचा, म्हणजे कडी जोडताना वितळवून लावलेल्या धातूचा, बारीक उंचवटा राहिला होता. त्यानं सगळ्यांचे फोटो काढले आणि म्हणाला, '1862 चा रुपया दुर्मीळ आहे, पण काळा पडल्यानं भाव येणार नाही. उद्या केमिकल आणतो.' दुर्मीळ कसला? टाकसाळीनं 1862 हेच साल पुढं 1874 पर्यंत छापलं. व्हिक्टोरियाचा तोच सगळ्यात सहज मिळणारा रुपया.

दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकची बरणी, आत दुधाळ, फेसाळ पाणी. सातही नाणी सगळ्यांसमोर त्यात टाकली. फेसाखाली काही दिसेना. 'उजेड लागता कामा नये' म्हणून बरणी पिशवीत घातली, तासाभरानं काढली आणि चकचकीत नाणी हातावर ठेवली. बरणी एकच होती की दोन, हे कोण बघतंय?

दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा आजीनं बोट फिरवून विचारलं, 'याचा डाग कुठं गेला रे?' तो म्हणाला होता, केमिकलनं खाल्ला. मग एडवर्डवरचा कसा नाही खाल्ला? तो डाग जागच्या जागी होता. त्याच्या जोडीचं बनावट नाणं नसणार, म्हणून तेवढं खरंच धुऊन परत दिलं. बाकीची सहा ओळीनं मांडली तर सहाही राण्यांच्या गालावर, नाकाच्या बाजूला, एकाच जागी एकसारखी खोक. एकाच साच्यातून ओतलेली. काठाला हात लावला तर जोडाची रेघ लागते.

सराफानं आधी वजन केलं. कलदार म्हणजे जुना एक तोळा, 11.66 ग्रॅम, ही साडेदहाच्या आत. लोहचुंबकाला चिकटली नाहीत, पण त्यावर जाऊ नका, चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला जर्मन सिल्व्हर हा मिश्रधातूही चिकटत नाही. घरी करायची खात्रीची परीक्षा पाण्याची आहे. बारीक काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्यानं तळाला न टेकवता बुडवायचं आणि जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या वजनाला भागायचं. कलदारात 91.7 टक्के चांदी, उत्तर 10.3 च्या आसपास यायला हवं. आमचं पावणेनऊच्याही खाली आलं. 1940 ते 1945 च्या रुपयात मात्र चांदी निम्मीच आहे, त्याला हा हिशेब लावू नका.

घासण्याचंही एक सांगतो. चिंच, लिंबू, राख, भांड्याची पावडर यातलं काहीही जुन्या नाण्याला लावू नये; घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी पैसे देतो. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून मऊ ब्रशनं सोडवायची आणि टिपून वाळवायचं, एवढंच. तो काळा थर आणि ते डाग हीच आपलं नाणं ओळखायची खूण. ती पुसायला कुणी एवढा आतुर का असावा?

तात्यांनी त्याला फोन केला तेव्हा उलट धमकी आली: 'जमिनीतला माल लपवला म्हणून केस तुमच्यावर होईल.' गावोगावचे लोक इथंच गप्प बसतात. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, हा 1878 चा कायदा खरा आहे, आणि त्यात शोधणाऱ्याचा, जागामालकाचा वाटाही लिहिलेला आहे. पण आजीच्या डब्यातले वारशाचे रुपये म्हणजे काही गुप्तधन नव्हे. आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली, सोबत ती सहा बनावट नाणी आणि पूर्वी माझ्या बहिणीनं मोबाइलवर काढलेला माळेचा फोटो.

जालना, भोकरदन, सिल्लोडकडच्या सराफांना एक विनंती. 1862 चे 'क्वीन' छापाचे सहा रुपये, प्रत्येकाच्या काठावर राणीच्या डोक्याच्या बरोबर वर कडीचा डाग, एकाच्या मागच्या बाजूला बारीक 'म' कोरलेला. कुणी विकायला आणले तर घेऊ नका आणि आधी ठाण्यात कळवा.