डॅफटॉक्सकिट एफ: वनस्पतींच्या अर्कासाठी कितपत कामाचे?

वर्षभर डॅफ्निया (पाणपिसू, गोड्या पाण्यातला इवलासा कवचधारी प्राणी) पाळण्याची सोय नसलेल्या प्रयोगशाळेला डॅफ्नियावरची ४८ तासांची विषाक्तता चाचणी करायची असेल, तर मायक्रोबायोटेस्ट्स या बेल्जियन कंपनीचे डॅफटॉक्सकिट एफ जरूर घ्यावे. पाण्यात सहज विरघळणाऱ्या शुद्ध रसायनासाठी त्यातली कार्यपद्धती जशीच्या तशी पाळली की काम होते. अर्काचे तसे नाही. किट जनावरांचा प्रश्न सोडवते, अर्काचा प्रश्न मात्र आपल्यावरच राहतो.

आधी जनावरांबद्दल, कारण किटचे खरे मोल तिथेच आहे. डॅफ्निया मॅग्नाची सुप्त अंडी छोट्या नळीत येतात आणि फ्रिजमध्ये ५ अंशांच्या आसपास, अंधारात, काही महिने टिकतात. चाचणीच्या तीन दिवस आधी ती बारीक चाळणीवर ओतून साठवणीचे द्रावण नीट धुऊन काढायचे, मग पेट्री डिशमध्ये हवा खेळवलेल्या प्रमाणित पाण्यात २० ते २२ अंशांवर, ६००० लक्सच्या अखंड उजेडात ठेवायची. ७२ ते ८० तासांत बहुतेक पिल्ले बाहेर पडतात. अंडी कमी फुटली की दोष अंड्यांवर ढकलला जातो, पण आधी लक्समीटर डिशच्या पातळीवर धरून पाहावा. खोलीतला दिवा डोळ्यांना लख्ख वाटतो आणि डिशपाशी ६००० च्या जवळपासही पोचत नाही. अंडी नीट न धुणे हे दुसरे नेहमीचे कारण.

चाचणीपूर्वी पिल्लांना दोन तास स्पिरुलिनाची पूड खायला देतात. ही पायरी गाळू नये. पुढचे ४८ तास त्यांना काहीच मिळणार नसते, आणि उपाशी पिल्ले नियंत्रण ओळीतच (अर्क न घातलेल्या, नुसत्या पाण्याच्या ओळीत) पडू लागली तर चाचणी बाद होते. नियंत्रणात निश्चल पिल्लांचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

प्रमाणित पाण्याचे क्षार चार कुप्यांत मोजून दिलेले असतात: सोडियम बायकार्बोनेट, कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट आणि पोटॅशियम क्लोराइड. कुप्या शुद्ध पाण्यात ओतायच्या, हवा सोडायची, झाले. पाण्याची कठिणता लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आसपास येते. वजनकाट्याच्या चुका टळतात, हा मोठा फायदा.

प्लेटची आखणीही विचारपूर्वक केलेली आहे. सहा ओळी: एक नियंत्रणाची, पाच तीव्रतांच्या (म्हणजे पाण्यातल्या अर्काच्या वेगवेगळ्या प्रमाणांच्या). प्रत्येक ओळीत पिल्ले खंगाळायचा एक खळगा आणि चाचणीचे चार. खळग्यात १० मिलिलिटर द्रावण आणि ५ पिल्ले, म्हणजे प्रत्येक तीव्रतेला २० पिल्ले आणि प्रत्येक पिल्लाला २ मिलिलिटर. ओईसीडी २०२ या डॅफ्निया चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेची किमान अट नेमकी एवढीच आहे. हिशेबही सोपा: १० मिलिग्रॅम वाळवलेला अर्क १०० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम. त्यातले ५० मिलिलिटर पुढच्या ५० मिलिलिटर पाण्यात, असे चार वेळा. प्रत्येक पायरीवर उरणारे ५० मिलिलिटर पाच खळग्यांना बरोबर पुरते.

अर्क पाण्यात विरघळत नसेल तर मात्र हा हिशेब कोलमडतो. मग तो आधी द्रावकात, म्हणजे इथेनॉलसारख्या द्रवात, विरघळवावा लागतो, आणि मार्गदर्शिकेनुसार द्रावक लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजे अंदाजे ०.१ मिलिलिटर. १०० मिलिलिटर पाण्याला वाट्याला येतात १० मायक्रोलिटर, आणि तेवढ्यात १० मिलिग्रॅम अर्क विरघळवायचा तर मूळ द्रावण मिलिलिटरला १ ग्रॅमचे हवे. इथेनॉल असो वा डीएमएसओ, राळयुक्त अर्काचे इतके दाट द्रावण सहसा होत नाही. अशा वेळी सर्वांत वरची तीव्रता खाली आणावी, द्रावक वाढवू नये. शिवाय पातळ करताना साधे पाणी वापरले तर अर्काबरोबर द्रावकही निम्मा होत जातो. म्हणून तेवढाच द्रावक घातलेले पाणी वापरावे, आणि द्रावकाचे वेगळे नियंत्रण ठेवावे. इथे प्लेट अपुरी पडते: ओळी सहाच, त्यातल्या दोन नियंत्रणांत गेल्या की तीव्रता चारच उरतात, आणि मार्गदर्शिकेला किमान पाच हव्यात. दुसरी प्लेट आणि जास्तीची २० पिल्ले आधीच हिशेबात धरावीत.

प्लेट प्लास्टिकची आहे. सुगंधी तेले आणि इतर तेलकट घटक तिच्या भिंतींना चिकटतात, काही उडूनही जातात. कागदावर २५ मिलिग्रॅम लिहिलेले असते, पाण्यात त्याहून बरेच कमी. विषारी अर्क सौम्य दिसतो तो यामुळेच. तेलकट अर्कासाठी किटची पिल्ले घ्यावीत, प्लेट बाजूला ठेवून घट्ट झाकणाच्या, काठोकाठ भरलेल्या काचेच्या कुप्या वापराव्यात, आणि मुख्य घटक सुरुवातीला व शेवटी मोजावा. फरक २० टक्क्यांहून जास्त असेल तर निकाल मोजलेल्या तीव्रतेवरच काढावा.

पाण्यात काढलेल्या अर्काची अडचण वेगळी. त्यातल्या शर्करेवर जिवाणू वाढतात आणि ऑक्सिजन संपवतात. प्लेटवर पॅराफिल्म (ताणून बसवायचा पातळ मेणचट पापुद्रा) असल्याने हवेची ये-जाही कमी. मग पिल्ले गुदमरतात आणि ते अर्काच्या खात्यावर जमा होते. ४८ तासांनी ऑक्सिजन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ती ओळ ग्राह्य नाही. चारही खळग्यांतले पाणी अलगद एकत्र करून मोजावे, जोराने ओतले तर हवा मिसळून आकडा फुगतो. सामू (पीएच) सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा नोंदवावा. टॅनिनयुक्त अर्काने तो घसरतो. गाळण्याचा मोह होतो, पण गाळणीवर सक्रिय भागच अडकू शकतो. गाळले असेल तर अहवालात तसे लिहावे.

वाचन २४ आणि ४८ तासांनी. प्लेट हळूच हलवल्यावर १५ सेकंदांत न पोहणारे पिल्लू निश्चल, मग त्याच्या शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) हलत असल्या तरी. पृष्ठभागावर अडकलेली पिल्ले वेगळी नोंदवावीत. सॅपोनिनच्या फेसात ती सहज अडकतात आणि विषबाधा झाल्यासारखी दिसतात. गडद अर्कात खालून उजेड देऊनही दिसत नसेल तर शेवटच्या वाचनाला खळगा पांढऱ्या बशीत ओतावा.

एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही: किटची चाचणी पूर्ण अंधारात, २० अंशांवर होते. कडुनिंबातले अॅझाडिरॅक्टिन उजेडात लवकर विघटित होते, म्हणून अंधारातला निकाल उघड्या तळ्यापेक्षा कडक येऊ शकतो. झेंडूतल्या अल्फा-टर्थायनिलचे उलटे. ते अतिनील किरणांत तीव्र विषारी ठरते आणि अंधारात निरुपद्रवी वाटू शकते. झेंडूच्या किंवा फ्युरानोकुमारिन (असेच उजेडात विषारी ठरणारे घटक) असलेल्या वनस्पतींच्या अर्कावर ‘सुरक्षित’ असा शेरा या किटच्या एकट्या निकालावरून कोणी मारू नये.

निकाल २४ तासांतच हवा असेल तर त्याच मालिकेतले थॅम्नोटॉक्सकिट एफ आहे. त्यात झिंग्याच्या दूरच्या नात्यातल्या थॅम्नोसेफॅलसच्या अळ्या वापरतात आणि मृत्यू मोजतात. नियामकाला डॅफ्नियाचा आकडा हवा असेल तर त्याचा उपयोग प्राथमिक चाळणीपुरताच.

अंड्यांची नवी खेप आली की पिल्लांची संवेदनशीलता तपासायला पोटॅशियम डायक्रोमेटची चाचणी आधी करावी. २४ तासांचा ईसी५० (निम्मी पिल्ले निश्चल करणारी तीव्रता) लिटरला ०.६ ते २.१ मिलिग्रॅममध्ये यायला हवा. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे, हातमोजे घालावेत आणि उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये.