रिपेअर कोडच्या सुरुवातीचा शून्य सांभाळा: फ्लीट मेंटेनन्स सॉफ्टवेअर काही महिने वापरल्यानंतर

ताफ्यातल्या गाड्यांची देखभाल नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जॉब कार्ड (गाडीच्या एका दुरुस्तीची नोंद), स्टॉक, टायर, सर्व्हिस रिमाइंडर हे सगळीकडे जवळपास सारखंच असतं, त्यावर शब्द खर्च करत नाही. लिहायचंय ते रिपेअर कोडबद्दल, म्हणजे कोणत्या पार्टचं काम झालं ते सांगणाऱ्या आकड्याबद्दल, आणि त्यातही कोडच्या सुरुवातीच्या शून्याबद्दल. तो गळला म्हणून ब्रेकचा खर्च दोन ठिकाणी विभागला गेला, ब्रेक लायनरचा वॉरंटी क्लेम हुकला आणि वर दुरुस्तीसाठी सपोर्टने वेगळे पैसे मागितले.

सॉफ्टवेअरमधली कोडची रचना व्हीएमआरएसची (व्हेइकल मेंटेनन्स रिपोर्टिंग स्टँडर्ड्स) आहे. ही अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्सची १९७० मधली पद्धत, पूर्ण यादी परवान्यावर मिळते. नऊ आकडे: पहिले तीन सिस्टिमचे, मधले तीन असेंब्लीचे, शेवटचे तीन पार्टचे. ०१३ ब्रेक, ०१६ सस्पेन्शन, ०१७ टायर, ०२३ क्लच, ०४५ इंजिन. म्हणजे गाडीच्या महत्त्वाच्या सगळ्या सिस्टिम शून्यानेच सुरू होतात.

इम्पोर्टच्या टेम्प्लेटमध्ये हे तीन भाग वेगवेगळ्या कॉलममध्ये आहेत. सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची) फाइल डबल क्लिकने एक्सेलमध्ये उघडली की ०१३ चा १३ होतो. सेव्ह केलं की फाइलमधूनही शून्य गेला. नंतर कॉलम टेक्स्ट केला तरी तो परत येत नाही. डेटा टॅबमधून फाइल घेतली तरी एक्सेल स्वतःच आकडा ओळखून शून्य काढतं, तिथे ‘डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स’ निवडावं लागतं. लिबरऑफिस फुकट आहे आणि उघडतानाच कॉलमचा प्रकार विचारतं. या कामाला तेच वापरा. शून्य आधीच गेला असेल तर शेजारच्या कॉलममध्ये =TEXT(A2,"000") टाकून परत आणता येतो. अपलोड करण्याआधी फाइल नोटपॅडमध्ये उघडून डोळ्यांनी बघा; एक्सेलमध्ये बघून उपयोग नाही.

एक्सेलचा स्वभाव जगजाहीर आहे. माझा राग सॉफ्टवेअरवर आहे. यादीत नसलेला १३ आला तर ती ओळ नाकारायला हवी. हे गुपचूप १३ नावाची नवी सिस्टिम तयार करतं. मग एका टिपरचे लायनर ०१३ खाली बदललेले दिसतात, महिन्याभरात पुन्हा बदलले ते १३ खाली. त्याच गाडीवर तेच काम ठरावीक दिवसांत परत आलं की वाजणारा अलर्ट वाजतच नाही, कारण त्याच्या लेखी ही दोन वेगळी कामं आहेत. पार्टची वॉरंटी तपासणीही याच कोडवर चालते. क्लच प्लेट, बॅटरी, सेल्फ (स्टार्टर), सगळ्यांना हाच धोका. दोन कोड एकत्र करायची सोय युजरकडे नाही; ‘डेटा सर्व्हिस’ म्हणून तिचं वेगळं बिल येतं. दर महिन्याला गाडीमागे पैसे घेणाऱ्या कंपनीने हे फुकटच करून द्यायला हवं.

आता बाकीचं. कोड सेट करताना पार्ट, कारण आणि केलेलं काम हे तीन वेगळे रकाने ठेवा. ६० पार्ट, ६ कारणं (ब्रेकडाउन, ड्रायव्हरची तक्रार, नियमित सर्व्हिस वगैरे) आणि ८ कामं (बदललं, दुरुस्त केलं, अ‍ॅडजस्ट केलं...) धरली तर वेगळ्या याद्यांत ७४ नोंदी होतात. सगळं एकाच कोडमध्ये कोंबलं तर २,८८०. इतक्या लांब यादीतून फिटर पहिलं दिसेल ते निवडणार.

कोड जॉब कार्डवर न लावता प्रत्येक ओळीवर लावा. मागच्या हबचं ऑइल सील गळतं, तेल लायनरवर जातं, लायनर फेकावे लागतात. इथे सील ०१८ मध्ये (हब-बेअरिंग), लायनर ०१३ मध्ये, आणि लायनरच्या बिघाडाचा प्रकार (हा वरच्या तिन्हींहून वेगळा रकाना) ‘तेलाने भिजला’. ‘झिजला’ लिहिलंत तर सहा महिन्यांनी रिपोर्ट बघून चांगल्या ब्रँडचे लायनर बंद कराल आणि स्वस्तातलं सील वापरत राहाल.

बीएस-६ गाड्यांमध्ये गोंधळ ठरलेला. नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) इलेक्ट्रिशियन बदलतो म्हणून तो इलेक्ट्रिकलमध्ये टाकला जातो. काम कोणी केलं ते बघू नका, पार्ट कोणत्या सिस्टिमसाठी आहे ते बघा. नॉक्स सेन्सर, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), युरिया पंप हे सगळं ०४३ एक्झॉस्ट. एबीएसचा व्हील स्पीड सेन्सर ०१३.

दोन बाबतींत मत बदललं. सुरुवातीला नऊ आकडी कोड सगळीकडे सक्तीचा हवा असं वाटत होतं. आता ब्रेक, क्लच, पाटे (लीफ स्प्रिंग), बॅटरी आणि युरिया सिस्टिम एवढ्यांनाच नऊ आकडे, बाकी सहावर थांबलेलं बरं. केबिनच्या दाराच्या बिजागरीचा नऊ आकडी हिशोब कोणी बघत नाही. दुसरं, कार्ड उघडतानाच पूर्ण कोड मागू नका. ‘पिकअप नाही’ ही तक्रार डिझेल फिल्टरची असेल, टर्बोच्या फाटलेल्या होजची असेल किंवा चोक झालेल्या डीपीएफची. उघडताना फक्त तक्रार, बंद करताना कोड.

‘इतर’ हा एकच मोठा डबा ठेवू नका. प्रत्येक सिस्टिममध्ये वेगळा ‘इतर’, शेरा सक्तीचा, आणि महिन्याला एकदा ते शेरे वाचून नवा कोड लागतोय का ते ठरवायचं.

अनपेक्षित आवडलेली गोष्ट म्हणजे टोपणनावाचा रकाना. अल्टरनेटरच्या कोडला ‘डायनामो’, लीफ स्प्रिंगला ‘पाटा’ जोडून ठेवलं की फिटर मोबाइलवर मराठीत टाइप करून बरोबर कोडवर पोचतो. यामुळे ‘इतर’चा वापर उघड कमी झाला. जुना कोड डिलीट न होता निष्क्रिय होतो, त्यामुळे मागचे रिपोर्ट शाबूत राहतात; हेही चांगलं.

डेमो घेणार असाल तर दोन ओळींची फाइल घेऊन जा: एकीत ०१३, दुसरीत १३. त्यांच्यासमोर अपलोड करा. दुसरी ओळ नाकारली गेली तरच पुढचं बोलणं करा. आमच्याकडे पुढचं नूतनीकरण वर्षाचं न करता तिमाहीचं केलंय. कोड एकत्र करायची सोय युजरला मिळाली तर वर्षाचे पैसे भरू.