एमजीबीला कोणते कार्ब बसवावेत: एचएस४, एचआयएफ४ की वेबर?

अमेरिकेतली १९७५ ते १९८० मधली एमजीबी, म्हणजे ती जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतली की एक प्रश्न ठरलेलाच, त्या एकट्या झेनिथ स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटरच्या (कार्बच्या) जागी काय बसवायचं. माझी पण तशीच रबर बंपरवाली, इथे न्यू जर्सीत. स्ट्रॉमबर्गच्या आतल्या रबरी पडद्याला, डायफ्रॅमला, बारीक चीर गेली की पिकअप गायब, त्यामुळे तो ठेवायचा का यावर मी फार डोकं लावलं नाही. कॅलिफोर्नियावाल्यांनी मात्र आधी स्मॉगचा, म्हणजे धुराच्या तपासणीचा, नियम बघा, १९७६ पासून पुढच्या गाड्यांना टेस्ट आहे आणि त्यात बदललेला कार्ब पास होणं अवघड.

बरेच जण पहिल्यांदा वेबर ३२/३६ कडे जातात आणि ते समजण्यासारखं आहे, नवाकोरा एकच कार्ब, दोन कार्ब एकमेकांशी जुळवत बसायची भानगड नाही. मित्राच्या गाडीत आहे, हायवेला छान चालते. पण इंजिन थंड असताना सिग्नलवरून निघताना पाय दिला की क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम उचल घेते, ते मला नाही आवडत, कोणाला चालेलही. वेबरच्याच ४५ डीसीओईचा आवाज ऐकून कोणीही विरघळेल, आणि त्याचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रं) वरची एक विंगनट काढून हाताशी येतात हेही खरं, पण मेन जेट, एअर करेक्टर, इमल्शन ट्यूब, आयडल जेट सगळं आपल्या इंजिनप्रमाणे बसवायचं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही, आणि इंजिनाचा कॅमशाफ्ट कंपनीचाच असेल तर त्यातलं कितीसं पदरात पडतं, मला शंका आहे.

म्हणून खरी निवड माझ्या मते जुळ्या एसयूंमध्येच, म्हणजे एसयू या ब्रिटिश कंपनीच्या दोन कार्बच्या जोडीत. १९६२ पासून एचएस४ होते, अमेरिकन गाड्यांत १९७२ च्या मॉडेलपासून एचआयएफ४ आले. ओळखायला सोपं आहे, एचएसचं फ्लोट बोल (पेट्रोलची पातळी राखणारी वाटी) बाजूला वेगळं लटकतं आणि त्यातून जेटला एक नायलॉनची नळी जाते, एचआयएफचं बोल कार्बच्या पोटातच.

कागदावर एचआयएफ४ सरस. फ्लोट जेटच्या भोवतीच असल्यामुळे वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर पेट्रोलची पातळी फारशी हलत नाही, शिवाय आत बायमेटलची पट्टी आहे, पेट्रोल तापलं की ती मिक्श्चर सांभाळते. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये रांगताना त्याचं आयडलिंग मला खरंच जास्त शांत वाटलं, हे मान्य करायलाच हवं.

पण माझं मन उडालं ते ओव्हरफ्लोमुळे. आधी माझ्याकडे एचआयएफ४ च होते. जुन्या रबरी होजच्या आतला थर इथेनॉलच्या पेट्रोलने सुटतो, त्याचा मोहरीएवढा कण नीडल व्हॉल्व्हमध्ये (वाटीत येणारं पेट्रोल बंद करणारी झडप) अडकला की पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली टपकायला लागतं आणि वास गाडीभर. आता एचआयएफमध्ये फ्लोटपर्यंत पोचायचं तर झाकण आहे खालून. म्हणजे एअर फिल्टर काढा, चोक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल सोडा, मागच्या कार्बच्या नटापर्यंत पाना कसाबसा घाला, दोन्ही कार्ब लिंकेजसकट बाहेर, उलटे करा, चार स्क्रू, आणि झाकणाचं रबर नवं नसेल तर परत गळती. हे सगळं एका कणासाठी! एचएस४ ला वरून तीन स्क्रू, झाकण उचललं, व्हॉल्व्ह फुंकला, झाकण परत, गाडी जिथे उभी आहे तिथेच. चोकचंही तसंच, एचएसमध्ये चोक ओढला की जेट खाली सरकताना डोळ्यांनी दिसतो, एचआयएफमध्ये आत फिरणारा व्हॉल्व्ह आहे, त्याचं छोटं सील गेलं की प्लग काळे पडत राहतात आणि बाहेरून काही कळत नाही. आपल्या अ‍ॅम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं जुनं इंजिन एमजीबीच्याच बी-सिरीज घराण्यातलं, त्यावर काम केलेल्यांना रस्त्याच्या कडेला दुरुस्त होणाऱ्या गोष्टीची किंमत सांगायला नको.

सेकंडहँड जोडी घेताना डॅशपॉटच्या (कार्बच्या वरच्या घुमटाच्या) स्क्रूखालची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बघा, त्यावर एयूडी नंबर असतो, त्यावरून ती कुठल्या गाडीची ते कळतं. पट्टी बहुतेकदा हरवलेलीच असते, मग तोंड मोजा. एचएसपुढचा आकडा म्हणजे एका इंचावर तितके अष्टमांश, एचएस४ दीड इंची, एचएस६ पावणेदोन. फ्लोट बोलचा कोन गाडीप्रमाणे बदलतो, तोही जुळायला हवा. थ्रॉटलचा दांडा हलवून बघा, खडखडला तर तिथून हवा खेचणार आणि तुम्ही आयडलिंगच्या मागे लागून वेडे व्हाल, अशी जोडी स्वस्त मिळाली तरी बुशिंगचा खर्च धरा. डॅशपॉट आणि आतला पिस्टन यांची जोडी ठरलेली असते, धुताना एकाचा दुसऱ्यात घालू नका. जेटमध्ये वरखाली होणाऱ्या सुईचे दोन प्रकार आहेत, आधीची सरळ बसलेली आणि नंतरची स्प्रिंगने एका बाजूला झुकलेली, जेट त्याप्रमाणेच घ्या. नवे एसयू इंग्लंडमध्ये आजही बनतात, खिसा परवानगी देत असेल तर ही सगळी शोधाशोध वाचते.

तुमची गाडी १९७२ ते ७४ ची असेल आणि एचआयएफ४ मूळचेच असतील तर ते उगाच काढू नका, दुरुस्तीचं किट टाका, चांगले चालतात. स्ट्रॉमबर्ग काढून नवीन जमवत असाल तर मी तरी एचएस४ शोधेन, वेगळ्या इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा खर्च नाहीतरी दोन्हीकडे आहेच. आणि कार्ब बसवायच्या आधी इथेनॉल चालणारा होज आणि एक फिल्टर टाकून घ्या, नाहीतर जुन्या होजचा चुरा नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसेल.