कॅलिबर: फुकटातलं, पण काम एकदम भारी

लॅपटॉपवर चारेकशे ईबुकं साठलेली, काही डाउनलोड्समध्ये, काही डेस्कटॉपवर, नुसता गोंधळ. शेवटी रविवारी रंकाळ्यावरचा फेरफटका रद्द केला, कॅलिबर, म्हणजे ईबुकं नीट लावून ठेवायचं सॉफ्टवेअर, टाकलं आणि बसलो. २००६ पासून चालू असलेलं सॉफ्टवेअर, एक पैसा घेत नाहीत. दिसायला जुनाट आहे, बटणांची नुसती जत्रा, पण काम चोख.

माझ्याकडं एकाच लेखकाचं नाव तीन तऱ्हेनं होतं, कुठं आद्याक्षरं, कुठं पूर्ण, कुठं आडनाव आधी. सगळी सिलेक्ट केली, एडिट मेटाडेटा (पुस्तकाचं नाव, लेखक वगैरे माहिती बदलायचं बटण) मारला, झाली की एका रांगेत! किंडलला, म्हणजे ॲमेझॉनच्या ईबुक वाचायच्या यंत्राला, केबलनं थेट ईपब (ईबुकांचा नेहमीचा फॉरमॅट) टाकलं तर ते दिसतच नाही, म्हणून आधी एझेडडब्ल्यू३ (किंडलचा फॉरमॅट) करायचं, तेही हेच करून देतं. मराठी पीडीएफ मात्र कन्व्हर्ट करायच्या नादाला लागू नका, जोडाक्षरांची पार वाट लागते, 'क्ष'चे तुकडे बघून डोकं उठलं माझं.

आणि हो, किंडल दिसंना म्हणून अर्धा तास सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, शेवटी पोरगी म्हणाली, "पप्पा, केबल नुसती चार्जिंगची हाय." दुसरी लावली, लगेच दिसलं. अजून शंभरेक पुस्तकांची कव्हरं लावायची राहिलीत.