एक ओमर पुरे: घरच्या प्रार्थनेसाठी मिळणाऱ्या बरण्या, डायऱ्या आणि कॅलेंडरांचे परीक्षण

घरच्या प्रार्थनेसाठी म्हणून विकायला येणारा माल आता चार जातींचा झाला आहे. छापील चिठ्ठ्यांसकट येणारी धन्यवादाची बरणी, तारखा घातलेली कौटुंबिक प्रार्थना-डायरी, रोज एक पान उलटायचे वचनांचे कॅलेंडर आणि फोनवरची अ‍ॅप. चौघांचा दावा एकच: देव घराची काळजी कशी घेतो ते रोजच्या धबडग्यातही दिसू लागेल. दिसते की नाही हे पहिल्या आठवड्यात कळत नाही, कारण पहिला आठवडा सगळेच झकास चालते. मुलांच्या परीक्षा, एखादे आजारपण आणि कोणाची तरी रात्रपाळी एकाच आठवड्यात आली की कोणती वस्तू टेबलावर राहते आणि कोणती कपाटात जाते, ते पाहायचे.

आधी बरणी, कारण तिला शास्त्रातच आधार आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात, ‘हे काय आहे?’ असे विचारता विचारताच लोकांनी ज्याला नाव दिले त्या मान्नाचे, म्हणजे इस्राएल लोकांना रानात रोज मिळणाऱ्या अन्नाचे, माप ठरलेले होते: माणशी, दिवसाला एक ओमर. कोणी सकाळपर्यंत ठेवला तर त्यात किडे पडत. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी लोकांचा पुढारी मोशे आपला भाऊ अहरोन याला सांगतो की एका पात्रात ओमरभर मान्ना घालून तो पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेव. चाळीस वर्षे रोज मिळालेल्या अन्नातून जपले किती, तर एका माणसाचे एका दिवसाचे. बाजारातल्या वस्तू पारखायला हे माप फार उपयोगी आहे. जी वस्तू रोजचे सगळे नोंदवायला लावते ती दोन महिन्यांत सडते. जी थोडे पण नेमके जपायला लावते ती टिकते.

ओमर म्हणजे सुमारे 2 लिटर. योगायोग म्हणा, घरच्या बरणीलाही तेच माप बसते. चार माणसांच्या घरात आठवड्याला माणशी एक चिठ्ठी धरली तर वर्षाच्या 208 होतात. 5 बाय 7 सेंटिमीटरची, एकदा दुमडलेली चिठ्ठी सैलसर पडते तेव्हा साधारण 8 मिलिलिटर जागा खाते, म्हणजे पावणेदोन लिटरच्या आत काम भागते. संचांमधली बरणी मात्र बहुधा अर्ध्या लिटरची, गळ्याला रिबन बांधलेली असते. ती चौथ्या महिन्यात भरते, मग चिठ्ठ्या कोंबल्या जातात आणि काढताना फाटतात. तोंड 9–10 सेंटिमीटर रुंद हवे, नाहीतर मोठ्यांचा हात आत जात नाही आणि बरणी उलटी करून आपटावी लागते. घरात लहान मूल असेल तर प्लॅस्टिकची घ्यावी, पण पारदर्शकच. चिठ्ठ्यांचा थर वर चढताना दिसणे हे निम्मे काम आहे. मातीची किंवा पत्र्याची सुंदर बरणी घेतली की ती शोभेची होते.

संचातल्या चिठ्ठ्यांवर आमचा राग आहे. गुळगुळीत रंगीत कार्डावर जेल पेनची शाई लगेच वाळत नाही, दुमडली की अक्षरे पसरतात. चिकटपट्टीच्या रंगीत चिठ्ठ्या त्याहून वाईट, आत गेल्यावर एकमेकींना धरून बसतात. दुकानाच्या बिलामागे लिहायची सवय तर मोडायलाच हवी: तो कागद उष्णतेने छापणारा असेल तर ज्या रकमेच्या सोडवणुकीसाठी धन्यवाद लिहिला ती रक्कम वर्षाच्या आतही उडून जाऊ शकते. वहीचा साधा कागद, बॉलपेन, लहान मुलांना पेन्सिल, आणि तारखेत सालही. साल टाकायला सगळे विसरतात.

आता आत काय लिहायचे. इथे जवळजवळ सगळे संच पडतात, कारण चिठ्ठीवर छापलेले असते: ‘आज मी ______ साठी आभारी आहे.’ या रिकाम्या जागेत तिसऱ्या आठवड्यापासून ‘कुटुंब’, ‘आरोग्य’, ‘आई-बाबा’ एवढेच येते. खोटे नसते, पण डिसेंबरमध्ये वाचताना त्यातून काहीच आठवत नाही. छापील ओळ सोडून मागच्या कोऱ्या बाजूला तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: केव्हा, कोणाच्या हातून, नेमके किती किंवा काय. ‘देवाने आज बाळाला सांभाळले’ ही चिठ्ठी आणि ‘मंगळवार, रात्री 2. ताप 103. शेजारच्या काकूंनी गाडी काढली, डॉक्टर येईपर्यंत आईजवळ बसून राहिल्या. पहाटे 5 ला 100’ ही चिठ्ठी, दोन्ही एकाच रात्रीच्या. दुसरीत देवाचे नाव नाही, तरी त्याचा हात दिसतो तो दुसरीतच. ‘कोणाच्या हातून’ हा प्रश्न कधी गाळू नये. देवाची काळजी बहुतेक वेळा कोणाच्या तरी चपलांच्या आवाजाबरोबर दाराशी येते, आणि त्या माणसाचे आभार मानायचे राहिले असतील तर चिठ्ठी लिहितानाच ते लक्षात येते. येशूकडून दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि आभार मानायला परतला एकच, हा लूकच्या शुभवर्तमानातला हिशेब त्या जागी कामी येतो.

एक धोका मात्र कोणत्याच संचाच्या सूचनापत्रकात सापडत नाही. अपघातातून आपण वाचलो आणि शेजारच्या गाडीतले वाचले नाहीत, तेव्हा ‘देवाने आम्हाला निवडून वाचवले’ अशी चिठ्ठी मुलाच्या मनात भलताच देव उभा करते. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसे मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती काय, असे येशूनेच विचारले आणि नाही म्हणून सांगितले (लूक 13). अशा वेळी ‘आम्ही सुखरूप घरी पोचलो. त्यांच्या घरासाठी प्रार्थना’ एवढेच लिहावे. पहिले वाक्य बरणीत, दुसरे मागण्यांच्या वहीत (तिच्याविषयी पुढे).

वाचन वर्षातून एकदाच, 31 डिसेंबरच्या रात्री, असे संचावर लिहिलेले असते. हिशेब करून पाहा. 208 चिठ्ठ्या, प्रत्येकी 15 सेकंद, म्हणजे 52 मिनिटे, तीही रात्रीच्या उपासनेला जाण्याच्या गडबडीत. लहान मूल विसाव्या चिठ्ठीला झोपते. दर तीन महिन्यांनी 52 चिठ्ठ्या वाचल्या तर 13 मिनिटांत आटोपते. बायबलच्या स्तोत्रसंहितेतले स्तोत्र 136 हे यासाठी जणू तयारच आहे: 26 ओवी, म्हणजे वचने, आणि प्रत्येकीनंतर ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद. एकाने चिठ्ठी वाचायची, बाकीच्यांनी पालुपद म्हणायचे. वाचता न येणाऱ्या मुलालाही पूर्ण वाटा मिळतो. ते स्तोत्रही सृष्टी, समुद्र, राजे अशा मोठमोठ्या गोष्टींवरून शेवटी प्राणिमात्राच्या अन्नावर येते, हे मुलांना दाखवून द्यावे.

बरणीत फक्त मिळालेले जाते. मागितलेले कुठे ठेवायचे? त्यासाठी डायरी, आणि छापील डायऱ्यांबद्दल आमचे मत सरळ वाईट आहे. पहिला दोष तारखांचा. पाच दिवस चुकले की पाच कोरी पाने तोंडावर येतात आणि घरातला जो माणूस हे सगळे चालवतो, बहुधा आई, तिलाच ओशाळे वाटते. फेब्रुवारीत डायरी बंद पडते ती अश्रद्धेने नव्हे, कोऱ्या पानांच्या लाजेने. दुसरा दोष चौकटींचा: ‘उत्तर: हो / नाही / थांबा’. खूण करायची घाई असते म्हणून महिन्याभरात ‘नाही’ वर टिक होते. ‘थांबा’ वर टिक करणे तर हास्यास्पदच आहे, ते उत्तर आल्याचे कळायला वर्षे जातात. तिसरा दोष बांधणीचा. नुसत्या डिंकाने चिकटवलेली वही रोज सपाट उघडली की पाने सुटतात. शिवलेली बांधणी किंवा स्पायरल घ्यावी. कागद 70 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाच्या) खाली असेल तर शाईपेन पलीकडे उमटते.

त्यापेक्षा 200 पानांची साधी रेघांची वही बरी. डावे पान मागण्याचे, उजवे पान घडल्याचे. डावीकडे तारीख, कोणासाठी, एका ओळीत विनंती. उजवीकडे त्याच ओळीसमोर जागा मोकळी. पानावर सहापेक्षा जास्त विनंत्या नकोत, कारण उजवीकडे लिहायला जागा लागते: उत्तर बहुधा मागितल्याहून वेगळ्या आकाराचे येते. नोकरी मागितली आणि तीन महिने एका नातेवाइकाने शाळेची फी भरली, याला ‘हो’ म्हणायचे की ‘नाही’? चौकटीत ते बसत नाही, दोन ओळींत बसते. ब्रिस्टलमध्ये अनाथालये चालवणारे जॉर्ज म्युलर (1805–1898) मिळालेल्या देणग्या अशाच तारीखवार, पौंड-शिलिंग-पेन्सपर्यंत लिहीत आणि छापून लोकांपुढे ठेवत. त्या नोंदी आजही विश्वास बळकट करतात त्या आकड्यांमुळे, विशेषणांमुळे नाही.

महिनाअखेरीस उत्तर न आलेल्या विनंत्या पुढच्या पानावर हाताने उतरवून घ्याव्यात. हे काम कंटाळवाणे आहे आणि तेच त्याचे मोल आहे. उतरवताना कळते की अमुक एका माणसासाठी प्रार्थना करणे आपण कधीच सोडून दिले होते, आणि तमुक विनंती केव्हाच पुरी झाली, कोणाच्या ध्यानातही आली नाही.

वहीत जागा तक्रारीलाही हवी. स्तोत्रसंहितेत सर्वांत मोठा गट विलापाच्या स्तोत्रांचा आहे आणि स्तोत्र 88 तर अंधारातच संपते, तिथे शेवटी दिलाशाची ओळ नाही. घरात मृत्यू झाला असताना त्या आठवड्याची चिठ्ठी कोणाकडूनही जबरदस्तीने लिहवून घेऊ नये. वहीत डावीकडे ‘किती काळ, परमेश्वरा?’ एवढे लिहून ठेवले तरी पुरे. स्तोत्र 13 सहाच ओवींचे आहे: चारांत तक्रार आणि मागणे, दोनांत भरवसा. हे प्रमाण मुलांना समजते.

वही उघड्यावर राहते हेही ध्यानात ठेवावे. चर्चच्या मंडळीतल्या कोणाचा आजार, कोणाचे मोडत चाललेले लग्न, हे पूर्ण नावानिशी लिहू नये, आद्याक्षर पुरते. पाहुणा आला की त्याच टेबलावर पाणी ठेवले जाते. घरातल्या कोणाची चूक तर वहीत अजिबात नको. ‘अमक्याने खोटे बोलणे सोडावे’ ही विनंती नाही, फळ्यावर नाव लिहिणे आहे.

कॅलेंडर त्यामानाने निरुपद्रवी आणि उपयोगी आहे, एक दुरुस्ती करून. 365 पानांत वचनांचे तुकडे असतात आणि जवळजवळ सगळी आश्वासने. यिर्मया 29:11 हमखास असते: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. हे वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातले. ते पत्र बाबेलमध्ये बंदिवासात असलेल्या लोकांना लिहिलेले आहे आणि त्याच्या आधीच्याच ओवीत सत्तर वर्षे असा आकडा आहे. फिलिप्पैकरांस 4:13 चेही तसेच. मला सर्व काही शक्य आहे हे त्या पत्राचा लेखक, प्रेषित पौल परीक्षेत पहिला नंबर येण्याबद्दल म्हणत नाही, भुकेले राहणे आणि पोटभर असणे दोन्ही शिकलो याबद्दल म्हणतो. म्हणून पान उलटले की बायबल उघडून आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच ओवी वाचाव्यात. दोन मिनिटे लागतात. ज्या कॅलेंडरावर अध्याय-ओवीचा संदर्भ बारीक अक्षरात किंवा मागच्या बाजूला छापलेला असतो ते घेऊ नये.

अ‍ॅपविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. एकट्या माणसाला, प्रवासात, ठीक. कुटुंबात ती फोन टेबलावर आणते आणि आठवणीच्या घंटेबरोबर बाकीचे निरोपही वाजतात.

या सगळ्याला वेळ किती? शास्त्रपाठ 3 मिनिटे, वही 3, प्रार्थना 3, गीताचे एक कडवे. दहा मिनिटांत उठावे. सगळी मुले सात वर्षांखालची असतील तर पाचातच. रात्रीचे जेवण झाल्यावर, पाने उचलायच्या आधी बसावे. एकदा माणसे उठून पांगली की पुन्हा गोळा करण्यात प्रार्थनेपेक्षा जास्त वेळ जातो आणि आवाजही चढतो. रात्रपाळीवाल्याने आपली चिठ्ठी सकाळी टाकावी. पेन बरणीच्या गळ्याला दोऱ्याने बांधून ठेवावे, पेन शोधण्यात गेलेली संध्याकाळ परत येत नाही.

वर्ष संपले की बरणी रिकामी करायची. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याने लोक यार्देन नदी ओलांडत असताना तिच्यातून धोंडे उचलवले ते बाराच, मुलांनी पुढे ‘यांचा अर्थ काय’ असे विचारावे म्हणून. तसेच घराने मिळून बारा चिठ्ठ्या निवडाव्यात, त्यातली एक तरी सर्वांत धाकट्याने निवडलेली. बाकीच्या खुशाल फेकून द्याव्यात. बारा चिठ्ठ्या लिफाफ्यात घालून वर साल लिहावे आणि लिफाफा वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवावा. बायबलमध्ये मात्र ठेवू नये: चार वर्षांचे लिफाफे झाले की बांधणी फुगते आणि कणा नेमका स्तोत्रांपाशी तुटतो.